फवाऱ्यातली ज्योत संगणकावर पेटवताना: काडी सगळ्यात शेवटी

माझ्या पहिल्या फवाऱ्याने पेट घेतलाच नाही. कर्वेनगरातल्या खोलीवर बसून मी तीन आठवडे संगणकावरच्या एका बंद डब्यात, ८०० केल्विनच्या हवेत, हेप्टेन या द्रव इंधनाचा फवारा सोडत होतो आणि हवा तापायच्या ऐवजी गारच होत होती. रसायनाचा वेग वाढवला, टर्ब्युलन्सचं (हवेतल्या भोवऱ्यांचं) मॉडेल बदललं, मेश (डब्यातली जागा ज्या छोट्या कप्प्यांत, म्हणजे सेलमध्ये, वाटतात ती जाळी) बारीक केली. शेवटी गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "डब्यात हवा किती ग्रॅम आहे रे?" मला सांगता येईना.

रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. वेळ वाचावा म्हणून मी डब्याच्या पूर्ण नळकांड्याऐवजी ५ अंशांची पाचर घेतली होती, म्हणजे नळकांड्याचा बहात्तरावा भाग. इंधन मात्र पूर्ण नळकांड्याचं, ६ मिलिग्रॅम, तसंच राहिलं होतं. साडेनऊ मिलिग्रॅम हवेत सहा मिलिग्रॅम इंधन! एवढं हेप्टेन जाळायला ९० मिलिग्रॅमच्या वर हवा लागते. ज्योत पेटणार कुठून?

हा लेख त्या तीन आठवड्यांच्या भरपाईसाठी. एम.टेक.चा प्रकल्प हाती आलेले, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात चाचपडणारे, किंवा कंपनीत "आता ज्वलनाचं सिम्युलेशन तूच बघ" असं ऐकून घरी आलेले, अशा सगळ्यांसाठी. पुण्यात अशी माणसं भरपूर. खडकीत किर्लोस्करांची इंजिनं, कोथरूडला कमिन्स, वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या संशोधनाची संस्था. फवारा आणि ज्योत हा इथल्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांच्या पोटापाण्याचा विषय आहे.

उदाहरणं ओपनफोम या प्रवाहाची गणितं सोडवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची देतो. फाइलींची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची, एवढं तुम्ही समजून घ्यालच.

१. काय मोजायचंय ते एका वाक्यात लिहा

"फवाऱ्याच्या ज्योतीचा अभ्यास" हे वाक्य नव्हे. "इंजेक्टरपासून किती अंतरावर ज्योत धरते आणि हवेचं तापमान १०० अंशांनी कमी केलं तर ते अंतर किती बदलतं" हे वाक्य. ते लिहिलं की निम्मे निर्णय आपोआप होतात, त्यातला पहिला म्हणजे टर्ब्युलन्स किती खोलात जाऊन सोडवायचा.

पर्याय तीन. रॅन्समध्ये सगळे भोवरे सरासरीत बुडवायचे आणि त्यांचा परिणाम मॉडेलकडून घ्यायचा, लॅपटॉपवर जमतं. एलईएसमध्ये मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवायचे, बारीक तेवढे मॉडेलवर सोडायचे. याला क्लस्टर (एकत्र जोडलेले बरेच संगणक) लागतो. डीएनएसमध्ये सगळ्यात छोट्या भोवऱ्यापर्यंत काहीच मॉडेल करायचं नाही. लागणाऱ्या बिंदूंची संख्या साधारण रेनॉल्ड्स क्रमांकाच्या (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा आकडा) सव्वादोनाव्या घाताने वाढते. रेनॉल्ड्स क्रमांक १०,००० धरला तर १०० कोटी बिंदू! ही झाली नुसत्या प्रवाहाची गोष्ट, ज्योतीचा पातळ पापुद्रा अजून आलेलाच नाही. आणि गंमत म्हणजे फवाऱ्याच्या बहुतेक डीएनएसमध्येही थेंब हा नुसता बिंदूच असतो. त्याच्या भोवतीची हवा काही कुणी प्रत्यक्ष सोडवत नाही. तेव्हा "आम्ही डीएनएस केलं, त्यात मॉडेल नाही" असं कुणी म्हणालं तर थेंबांचं काय केलंत एवढं विचारा.

नवख्याने रॅन्सपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एलईएसची चित्रं देखणी येतात खरी, पण चूक झाली तर ती त्या देखणेपणात लपून बसते.

२. जमवाजमव

घरी लागणाऱ्या गोष्टी:

- लॅपटॉप: १६ जीबी मेमरी, चार ते आठ कोअर. एवढ्यात सरावाच्या सगळ्या केसेस होतात.
- उबंटू, किंवा विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय).
- ओपनफोम. याच्या दोन शाखा आहेत, फाउंडेशनची आणि ईएसआयची. ईएसआयच्या शाखेत 'स्प्रेफोम' हा वेगळा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) आहे. फाउंडेशनच्या शाखेत २०२३ मध्ये आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून 'फोमरन' या एकाच आज्ञेखाली सगळे सॉल्व्हर आले आणि फायलींची मांडणी बदलली. एका शाखेची केस दुसरीत टाकू नका. एक शाखा, एक आवृत्ती. प्रकल्प संपेपर्यंत तीच.
- चित्रांसाठी पॅराव्ह्यू.
- रसायन वेगळं तपासायला पायथॉन आणि त्यातून चालणारं कँटेरा हे ज्वलन-रसायनाचं सॉफ्टवेअर.
- एक वही. कोणत्या रनमध्ये काय बदललं ते हाताने लिहायला. दोनशे पानी घ्या, शंभर पानी संपते.

पुढे संस्थेच्या किंवा राष्ट्रीय क्लस्टरवर खातं काढायचं असेल तर साधारणपणे हे कागद मागतात: संस्थेचं ओळखपत्र आणि संस्थेचाच ईमेल पत्ता, गाईडच्या सहीचा अर्ज, कामाचा पानभर सारांश, किती कोअर-तास (कोअर गुणिले तास) आणि किती जागा लागेल याचा अंदाज, आणि वापराच्या अटी मान्य असल्याचं पत्र. सही आणि शिक्क्याला दोन-तीन आठवडे सहज जातात. अर्ज आज टाका. काम शिकून होईपर्यंत खातं येतं. माझा अर्ज एका ठिकाणी फक्त तारीख नाही म्हणून परत आला, तोही महिनाभराने.

३. संगणक बंद ठेवा, एक डबा आणि एक थेंब कागदावर सोडवा

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती. इथे जरा थांबू या.

सरावासाठी ओपनफोमबरोबर 'आखेनबॉम्ब' नावाची केस येते: बंद चौकोनी डबा, २० बाय २० बाय १०० मिलिमीटर, आत ५ मेगापास्कल (५० बार) दाबाची ८०० केल्विनची हवा, वरून हेप्टेनचा फवारा. एकूण ६ मिलिग्रॅम, सव्वा मिलिसेकंदात. तुमच्या आवृत्तीतले आकडे फाइल उघडून एकदा पडताळा, मग वही काढा.

आधी हवा. या दाबाला आणि तापमानाला हवेची घनता सुमारे २१.७ किलो प्रति घनमीटर. डब्याचं आकारमान ४० घन सेंटीमीटर, म्हणजे हवा सुमारे ०.८७ ग्रॅम. हेप्टेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे ११ रेणू लागतात, म्हणजे १ ग्रॅम हेप्टेनला सुमारे १५ ग्रॅम हवा. आपल्या ६ मिलिग्रॅमला ९१ मिलिग्रॅम. डब्यात त्याच्या जवळजवळ दसपट हवा आहे. म्हणजे सगळं इंधन जळायला हरकत नाही.

आता शेवटचं तापमान. हेप्टेन जळून किलोमागे सुमारे ४४.६ मेगाज्यूल उष्णता देतं. ६ मिलिग्रॅमचे झाले २६८ ज्यूल. स्थिर आकारमानात एवढी हवा एका अंशाने तापवायला पाऊण ज्यूलच्या आसपास लागतो. भिंतींतून उष्णता जात नाही असं धरलं तर डब्याचं सरासरी तापमान ३५० अंशांच्या आसपास वाढणार आणि दाब ५० बारवरून ७२ बारच्या जवळ जाणार. हे दोन आकडे वहीत चौकटीत लिहून ठेवा. सिम्युलेशन संपल्यावर सरासरी दाब ९५ किंवा ५४ बार आला, तर चित्र कितीही सुंदर असो, कुठेतरी गडबड आहे.

मग थेंब. १९५३ मध्ये गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी मांडलेला नियम असा, की थेंबाच्या व्यासाचा वर्ग काळाबरोबर सरळ रेषेत घटतो. साध्या दाबाला जळत्या हायड्रोकार्बन थेंबासाठी हा घटण्याचा दर सेकंदाला १ चौरस मिलिमीटरच्या पातळीचा असतो. म्हणजे १ मिलिमीटरचा थेंब एखादा सेकंद टिकेल, १०० मायक्रॉनचा शंभरावा भाग, १० मायक्रॉनचा सेकंदाचा दहाहजारावा भाग. व्यास दहापट कमी, आयुष्य शंभरपट कमी. फवाऱ्यात व्यास नेमका धरणं का महत्त्वाचं, ते या एका ओळीत आलं.

थेंब फुटेल का, हे वेबर क्रमांक सांगतो: हवेची घनता, वेगातल्या फरकाचा वर्ग आणि व्यास यांचा गुणाकार भागिले पृष्ठताण. तो १२ च्या वर गेला की थेंब फुटायला लागतो. हेप्टेनचा पृष्ठताण ०.०२ न्यूटन प्रति मीटर धरा. आपल्या डब्यातल्या दाट हवेत थेंबाचा वेग सेकंदाला २० मीटर असेल तर २८ मायक्रॉनच्या वरचा थेंब टिकणार नाही. वेग १०० मीटर असेल तर एका मायक्रॉनच्या आसपास येऊन ठेपतो. म्हणजे इंजेक्टरच्या तोंडाशी सगळा खेळ फुटण्याचाच आहे.

शेवटचा हिशोब वेगाचा. सव्वा मिलिसेकंदात ६ मिलिग्रॅम, तेही ०.१९ मिलिमीटरच्या छिद्रातून: वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर. एक मिलिमीटरचा सेल थेंब ४ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. टाइमस्टेप एका मायक्रोसेकंदाच्या घरात का ठेवायचा हे आता कुणाला विचारावं लागणार नाही.

४. कोरडी हवा

फवारा बंद, रसायन बंद. नुसती मेश आणि प्रवाह. बंद डब्याच्या केसमध्ये इथे काहीच घडायला नको. हवा स्वस्थ बसायला हवी, दाब ढळायला नको. बर्नरची केस असेल तर तोंडाशी वेगाचा आलेख प्रयोगाशी जुळतो का ते इथेच बघा, पुढे तो दुरुस्त करणं महाग पडतं.

इथले सापळे जुनेच: मेश मिलिमीटरमध्ये काढली आणि सॉल्व्हरने ती मीटरमध्ये वाचली, तापमान सेल्सिअसमध्ये भरलं, दाब वातावरणाच्या वरचा भरला, निरपेक्ष नाही. 'चेकमेश' चालवा आणि डब्याची लांबी-रुंदी तो काय सांगतो ते वाचा. शंभर मीटरचा डबा मी पाहिला आहे, माझ्या नव्हे, मित्राच्या केसमध्ये. माझा फक्त दहा मीटरचा होता.

५. फवारा सोडा, पण आग नको

ज्वलनाच्या फाइलीत 'अॅक्टिव्ह'पुढे 'नो' लिहा आणि रसायनही बंद करा. आता फवाऱ्याचीही एकेक कळ दाबत जायचं: आधी बाष्पीभवन आणि फुटणं दोन्ही बंद, मग फुटणं चालू, मग बाष्पीभवन.

आधी पार्सल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत आणि व्हायव्हाला इथेच पकडतात. ६ मिलिग्रॅम हेप्टेनचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर ते होतात १ कोटी ६७ लाखांच्या आसपास. एवढे थेंब एकेक करून मोजत बसणं परवडत नाही. म्हणून सारख्या आकाराच्या, सारख्या वेगाच्या थेंबांचं गाठोडं बांधायचं आणि गाठोडं म्हणून त्याचा माग काढायचा. आखेनबॉम्बमध्ये सेकंदाला २ कोटी या दराने पार्सलं सोडतात, म्हणजे सव्वा मिलिसेकंदात २५,०००. एका पार्सलमध्ये १० मायक्रॉनचे सहाशे-सातशे थेंब. पार्सलं फार कमी ठेवली तर वाफ ठिपक्याठिपक्यांनी निघते आणि ज्योतही ठिपक्यांची होते. पार्सलांची संख्या दुप्पट करून उत्तर बदलतं का, ही चाचणी मेशच्या चाचणीइतकीच गरजेची. प्रबंधांत ती क्वचित दिसते.

लॉग फाइल वाचायला शिका. स्प्रेफोम दर टाइमस्टेपला आत आलेलं वस्तुमान, शिल्लक द्रव, सरासरी व्यास, डी-३२ आणि ९५ टक्के द्रव कुठवर पोचला ती लांबी छापतो. डी-३२ म्हणजे साउटर सरासरी व्यास, फवाऱ्याच्या एकूण आकारमानाचं एकूण पृष्ठभागाशी असलेलं नातं. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, म्हणून साध्या सरासरीपेक्षा हा आकडा कामाचा.

या पायरीवर बघायच्या गोष्टी:

- आलेलं वस्तुमान बरोब्बर ६ मिलिग्रॅम आहे का. पाचर घेतली असेल तर त्याला ७२ ने भागलंय का. (हो, पुन्हा सांगतोय.)
- शिल्लक द्रव आणि तयार झालेली वाफ यांची बेरीज आलेल्या इंधनाइतकी आहे का.
- बाष्पीभवनाने डब्याचं सरासरी तापमान किती उतरलं. आपल्या हिशोबात ते दहा-पंधरा अंशच उतरायला हवं. माझं शेकड्यांनी उतरत होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.
- टर्ब्युलंट विखुरणं चालू आहे का. रॅन्समध्ये भोवरे दिसतच नाहीत, त्यामुळे थेंबांना ढकलायला वेगळं मॉडेल लागतं. सरावाच्या केसमध्ये ते बंद असू शकतं. बंद राहिलं तर फवारा सुईसारखा बारीक जातो.

आता मेशचा सापळा. इतर कामांत मेश जितकी बारीक तितकं बरं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे थेंब हा बिंदू मानलाय, तो सेलपेक्षा खूप लहान आहे हे गृहीत आहे. सेल फार बारीक केला तर एकाच सेलमध्ये द्रव कोंबला जातो, तिथली हवा वाफेने भरून जाते आणि बाष्पीभवन थांबतं किंवा सॉल्व्हर कोसळतो. फार जाड ठेवला तर थेंबांचा सगळा धक्का मोठ्या सेलभर पसरतो आणि फवारा खरा पोचतो त्यापेक्षा आधीच थबकतो. रॅन्ससाठी इंजेक्टरजवळ पाव ते अर्धा मिलिमीटर ही रुळलेली पातळी आहे. तुमची केस त्यापासून लांब असेल तर कारण लिहून ठेवा.

इंधन इथेनॉल असेल तर या पायरीवर जास्त वेळ द्या. उसाच्या महाराष्ट्रात आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलच्या दिवसांत तुमच्या गाईडना इथेनॉलच हवं असण्याची शक्यता मोठी. त्याची बाष्पीभवनाची उष्णता किलोमागे सुमारे ८५० किलोज्यूल, हेप्टेनच्या अडीचपट. फवारा जास्त गार होतो, ज्योत उशिरा आणि लांबवर धरते. हेप्टेनच्या फाइलीत फक्त इंधनाचं नाव बदलून भागत नाही. द्रवाचे गुणधर्म, वाफेचे गुणधर्म आणि रसायन, तिन्ही ठिकाणी बदलायचं.

६. रसायन वेगळ्या डब्यात तपासा

कँटेरामध्ये बंद डब्यात हेप्टेन आणि हवेचं मिश्रण घ्या, तुमच्या दाब-तापमानाला किती वेळात पेटतं ते काढा. दहा ओळींचं काम. मग तापमान ७०० पासून ११०० केल्विनपर्यंत बदलत न्या.

सविस्तर रसायन घेतलंत तर एक विचित्र गोष्ट दिसेल: मधल्या पट्ट्यात तापमान वाढवलं तरी पेटायला लागणारा वेळ कमी होत नाही, उलट वाढतो. हेप्टेन दोन टप्प्यांत पेटतं, आधी मंद थंड ज्योत, मग खरी. सरावाच्या केसमधल्या एका पायरीच्या अभिक्रियेत यातलं काहीच नसतं. हेप्टेन अधिक ११ ऑक्सिजन, थेट कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मधले रेणू नाहीत, ज्योतीत क्षणभर तयार होणारा ओएच (हायड्रॉक्सिल) नाही. सॉल्व्हर शिकायला ती उत्तम, पण तिच्यावरून पेटण्याच्या वेळेबद्दल निष्कर्ष काढलात तर परीक्षक सोडणार नाहीत.

दुसऱ्या टोकाला हेप्टेनच्या सविस्तर यंत्रणेत पाचशेच्या वर घटक आणि अडीच हजारांच्या आसपास अभिक्रिया असतात. ती सेलागणिक सोडवणं लॅपटॉपच्या बसची बात नाही. तीस ते शंभर घटकांची कमी केलेली यंत्रणा घ्या आणि तिचा आलेख सविस्तर यंत्रणेच्या आलेखावर ठेवून बघा. जिथे दोन्ही फाटतात त्या तापमानाला तुमची केस जात असेल तर आधीच सावध व्हाल.

७. आता काडी

जुना पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना ही पायरी निम्मी कळलेली आहे. काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापल्या नळीतून रॉकेलची वाफ होऊन निपलमधून निघते आणि निळी, भरभर आवाजाची ज्योत मिळते. घाई केली की निपलमधून रॉकेल द्रवच उडतं आणि पिवळी, काजळी धरणारी ज्योत छताकडे झेपावते. फवाऱ्याच्या ज्योतीत ही दोन्ही रूपं एकाच वेळी, शेजारीशेजारी असतात. कुठे वाफ आणि हवा आधीच मिसळून मग जळतात, कुठे वाफ एका बाजूने आणि हवा दुसऱ्या बाजूने येऊन मधल्या रेषेवर जळतात.

कुठे काय चाललंय ते बघायला टाकेनोंच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक काढा: इंधनाच्या आणि ऑक्सिजनच्या प्रमाणाचे उतार घ्यायचे आणि त्यांचा बिंदुगुणाकार करायचा. धन आला तर आधी मिसळलेली ज्योत, ऋण आला तर समोरासमोरची. पॅराव्ह्यूमध्ये पाच मिनिटांचं काम आहे आणि या एका चित्राने व्हायव्हात माझी बाजू सावरली.

आता ज्वलनाचं मॉडेल. ते लागतंच कशाला? सेलचं सरासरी तापमान घ्या आणि त्यावरून अभिक्रियेचा वेग काढा, असं वाटणं साहजिक आहे. करून बघू. सक्रियण तापमान (अभिक्रिया सुरू व्हायला लागणाऱ्या ऊर्जेचं माप) १५,००० केल्विन धरा. एका सेलमध्ये निम्मा वेळ १००० केल्विन, निम्मा वेळ २००० केल्विन. सरासरी १५००. दीड हजारावरून घातांकी पद (ई चा घात, उणे सक्रियण तापमान भागिले तापमान) काढलं तर येतं ०.००००४५. दोन्ही तापमानांना वेगवेगळं काढून सरासरी घेतली तर ०.०००२८. सहापट फरक! भोवरे जितके जोरात तितका हा फरक मोठा. ही दरी बुजवण्यासाठी मॉडेल आहे.

सुरुवातीला दोनच बघा. पासर, म्हणजे सेलचा काही भाग नीट मिसळलेला आणि तेवढ्याच भागात अभिक्रिया. रॅन्सला आणि कमी केलेल्या रसायनाला चालतं. दुसरं फ्लेमलेट: ज्योतीचा पातळ पापुद्रा आधीच सोडवून तक्त्यात भरून ठेवायचा आणि सिम्युलेशनमध्ये फक्त तक्ता वाचायचा. वेगवान आहे, पण फवाऱ्यात दोन ठिकाणी दगा देतो. तक्ता बहुधा वायूच्या ज्योतीसाठी बांधलेला असतो, त्यात थेंबांनी शोषलेली उष्णता नसते. म्हणून तक्त्याला एन्थाल्पीची (वायूतल्या उष्णतेच्या साठ्याची) आणखी एक दिशा जोडावी लागते. आणि थेंब वाफ सोडतात तेव्हा मिश्रणातला चढउतारही वाढतो, तो समीकरणात धरलाय का ते बघावं लागतं.

काडी लावण्याचा क्रम: गार फवाऱ्याचा तपासलेला रन घ्या, त्याच केसची नक्कल करा, ज्वलन आणि रसायन चालू करा, बाकी एक अक्षरही बदलू नका. टाइमस्टेप निम्मा करा. आणि हे दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवा: कमाल तापमान आणि सरासरी दाब. कमाल तापमान ३००० च्या वर चढत चाललं तर रन थांबवा. उष्मागतिकीच्या फायलींतले सूत्रगुणक ठरावीक तापमानापर्यंतच खरे असतात. सॉल्व्हर त्या हद्दीला जाऊन चिकटला की पुढचं सगळं उत्तर निरर्थक, मग रन "पूर्ण" झाला तरी. सरासरी दाब मात्र आपल्या चौकटीतल्या ७२ बारच्या आसपास येऊन स्थिरावला, तर त्या दिवशी मिसळ खायला हरकत नाही.

ज्योत धरतच नसेल तर या क्रमाने बघा: वाफ तयार होतेय का, ती ज्वलनशील प्रमाणात आहे का, तिथलं तापमान पायरी ६ च्या आलेखानुसार पेटण्याइतकं आहे का, आणि तेवढा वेळ तुम्ही रन चालवलाय का. शेवटचं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं.

८. क्लस्टरवर जाताना

पुण्यात महासंगणकाचं वातावरण जुनं आहे. महासंगणक बांधणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेची स्थापना इथे १९८८ मध्ये झाली, तिचा परम ८००० हा १९९१ चा. आज पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. कुठेही खातं मिळालं तरी नियम सारखेच. लॉगिन नोडवर (ज्या संगणकावरून सगळे आत शिरतात त्यावर) सॉल्व्हर चालवायचा नाही, जॉब स्लर्म या कामं वाटणाऱ्या प्रणालीच्या क्यूमध्ये टाकायचा.

जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, हा भ्रम फवाऱ्यात लवकर फुटतो. मेशचे समान तुकडे केले तरी सगळी पार्सलं इंजेक्टरजवळच्या एक-दोन तुकड्यांतच असतात. बाकीचे कोअर त्यांची वाट पाहत बसतात. रसायनाचंही तेच, ज्योत ज्या तुकड्यात तिथेच काम. कोअरमागे दहा-वीस हजार सेल हा अंदाज ठेवा. आखेनबॉम्बच्या १ लाख ६८ हजार सेलना आठ ते सोळा कोअर पुष्कळ झाले. आधी शंभर टाइमस्टेप चालवून घड्याळ लावा, मग कोअर-तासांचा अंदाज अर्जात लिहा.

घरी चालवत असाल तर निकाल वारंवार लिहून ठेवा आणि पुन्हा सुरुवात 'लेटेस्टटाइम'पासून करा. एका गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा माझा ३१ तासांचा रन फक्त सुरुवातीच्या फोल्डरपुरता उरला होता. जागा भरू नये म्हणून 'पर्जराइट'ने शेवटचे तीन-चार निकालच ठेवता येतात.

९. कशाशी जुळवायचं

इंजिनासारख्या परिस्थितीसाठी ईसीएन (इंजिन कम्बशन नेटवर्क) या प्रयोगशाळांच्या जाळ्याचा 'स्प्रे ए' हा मापदंड आहे: इंधन डोडेकेन, ९०० केल्विन, हवेची घनता २२.८ किलो प्रति घनमीटर, १५ टक्के ऑक्सिजन, इंजेक्शनचा दाब १५० मेगापास्कल, छिद्र ९० मायक्रॉनचं. बऱ्याच प्रयोगशाळांनी हीच परिस्थिती मोजली आहे आणि आकडे खुले आहेत. उघड्या बर्नरसाठी सिडनी विद्यापीठात मोजलेल्या फवाऱ्याच्या ज्योती आहेत, अॅसिटोन आणि इथेनॉलच्या. त्यात थेंब जवळपास तयार स्वरूपात येतात, म्हणून फुटण्याच्या मॉडेलचा गोंधळ टळतो. नवख्याने सिडनीच घ्यावं. डेल्फ्ट विद्यापीठाची इथेनॉलची ज्योत गरम हवेच्या झोतात जळते, ती दुसऱ्या वर्षासाठी.

जुळवण्याआधी व्याख्या जुळवा. द्रवाची लांबी म्हणताना कुणी ९५ टक्के द्रव धरतो, कुणी ९९. वाफेची लांबी ईसीएनमध्ये मिश्रण अंश (मिश्रणात इंधनाच्या वस्तुमानाचा वाटा) ०.००१ च्या रेषेवर मोजतात. ज्योत कुठे सुरू झाली हे प्रयोगात ओएचच्या प्रकाशावरून काढतात. एका पायरीच्या रसायनात ओएच नसल्याने तिथे तुलनाच होत नाही. माझे आणि प्रयोगाचे आकडे दोन महिने जुळत नव्हते, कारण मी ९५ टक्क्यांची लांबी ९९ टक्क्यांच्या आलेखावर ठेवत होतो.

आणि मॉडेलचे स्थिरांक फिरवून आलेख बसवायचा मोह झाला, तर फिरवा, पण गार फवाऱ्यावर. तिथे फुटण्याचा स्थिरांक एकदा ठरला की वहीत तारीख घालून लिहा आणि जळत्या रनमध्ये त्याला हात लावू नका. जळत्या रनमध्ये फरक उरला तर तो रसायनात किंवा ज्वलनाच्या मॉडेलमध्ये शोधायचा. निदान कुठल्या फाइलीत शोधायचा हे तरी तेव्हा ठाऊक असतं.